छायाचित्राची चौकट आणि चौकटीतला माणूस

दलित कविता आणि दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा प्रस्थापित समीक्षेचा एक आक्षेप ठरलेला होता. अनुभव जिवंत आहे, परंतु रचना कच्ची आहे. आशय आहे, पण कलात्मकता नाही. त्या आक्षेपाला आपल्या लेखकांनी आणि समीक्षकांनी उत्तर दिले. रचना आशयावर बाहेरून चढवता येत नाही, आणि सौंदर्याची म्हणून जी मापे सांगितली जातात ती कुणाच्या तरी जगण्यातून, कुणाच्या तरी सोयीने घडलेली असतात, हे त्या वादातून स्पष्ट झाले. साहित्यापुरता हा वाद आपण लढलो. छायाचित्राच्या बाबतीत तो आपण फारसा केलेला नाही.

आणि आज तो करण्याची गरज आहे. मोर्चा असो, जयंती असो, गावात झालेला अत्याचार असो की वस्तीतल्या नळाला न येणारे पाणी असो, कार्यकर्ता पहिल्यांदा खिशातला मोबाईल काढतो. त्यातल्या काहींना आपले फोटो चांगले यावेत असे वाटू लागते, आणि ते रचनेचे प्राथमिक धडे शिकायला लागतात. या धड्यांत नियमांची एक यादी असते. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करावेत आणि मुख्य विषय रेषांच्या छेदबिंदूवर ठेवावा. क्षितिज मधोमध नसावे. रस्ता, कुंपण, भिंत यांच्या रेषांनी नजर विषयाकडे न्यावी. पार्श्वभूमी स्वच्छ असावी. अनावश्यक ते वगळावे. हे नियम व्याकरणासारखे सांगितले जातात, जणू त्यांना ना इतिहास आहे ना जात.

हे नियम शिकू नयेत असे मला म्हणायचे नाही. ते नीट शिकावेत. इतके नीट शिकावेत की प्रत्येक नियम चौकटीतल्या माणसाचे काय करतो तेही शिकणाऱ्याला दिसावे. हे मला उशिरा कळले, आणि ते कळण्यासाठी एक चूक करावी लागली. ती चूक आधी सांगतो.

१

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात नवशिक्या विद्यार्थ्यांचे छायाचित्रण शिबिर होते. शेवटच्या दिवशी स्पर्धा होती आणि परीक्षक मी होतो. चाळीसेक छायाचित्रांतून एक मी क्षणात उचलले. पहाटेचा रिकामा रस्ता. रस्त्याची रेषा डाव्या कोपऱ्यातून निघून दूर क्षितिजाला भिडलेली. वरचा दोन-तृतीयांश भाग आभाळाचा. उजवीकडे, खाली, बरोबर छेदबिंदूवर रस्ता झाडणारी एक वाकलेली काळी आकृती, आणि तिच्या झाडूने उडालेल्या धुळीत सोनेरी ऊन. मी त्याला पहिला क्रमांक दिला आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिले: रचना निर्दोष.

बक्षीस समारंभात कळले की ते छायाचित्र काढणारी मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि झाडणारी बाई तिची आई आहे. आईही आली होती. छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावले होते. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग मुलीला म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय?"

मुलीने बोट दाखवले.

"ही व्हय? मला वाटलं झाड हाय." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तोंडच न्हाई की गं."

मी शेजारीच उभा होतो. मुलीला मी विचारले, रस्त्यावर तुझी आई एकटीच होती का? ती म्हणाली, "नाही सर, तिघी होत्या. बाकी दोघी चौकटीबाहेर जाईपर्यंत मी थांबले. कचऱ्याची गाडी मध्ये येत होती, ती आईला बाजूला घ्यायला लावली. तुम्ही म्हणाला होता ना, अनावश्यक ते वगळायचं."

तिने मी शिकवलेला एकही नियम मोडला नव्हता. म्हणून चूक तिच्या चित्रात शोधण्यापेक्षा नियमांत आणि ते शिकवण्याच्या माझ्या पद्धतीत शोधणे भाग होते.

२

तीन भागांचा नियम, ज्याला सगळे 'रूल ऑफ थर्ड्स' म्हणतात, तो कुठून आला? या नावाने तो पहिल्यांदा मांडला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-खोदकाराने, १७९७ मध्ये. तेव्हा छायाचित्रणाचा जन्मही झालेला नव्हता. स्मिथ निसर्गचित्राविषयी बोलत होता: जमिनीला एक भाग द्यावा, आभाळाला दोन. परंतु ज्या पुस्तकात त्याने हे लिहिले त्याचा विषय आपण लक्षात घेतला पाहिजे. ते पुस्तक ग्रामीण दृश्यांवर आहे आणि त्यात झोपड्यांची वीस खोदचित्रे आहेत. गरिबाची नीटनेटकी, सारवलेली खोप स्मिथला फारशी आकर्षक वाटत नाही. कललेली भिंत, तिच्या भेगा, उखडलेला गिलावा, शेवाळलेले छप्पर, मोडके धुराडे यांत त्याला चित्ररम्यता दिसते. पडायला आलेल्या घरात माणूस कसा राहत असेल हा प्रश्न त्या सौंदर्यदृष्टीला पडत नाही. घर दुरुस्त झाले तर चित्र बिघडेल, अशी ती दृष्टी आहे.

एखादा नियम अशा पुस्तकात जन्मला म्हणून तो खोटा ठरत नाही. विषय थोडा बाजूला ठेवला की नजरेला चौकटीत फिरायला जागा मिळते, हा अनुभव खरा आहे. पण माझ्या विद्यार्थिनीच्या चित्रात आभाळाला दोन भाग आणि झाडणाऱ्या बाईला एका भागाचाही तुकडा मिळाला, ते प्रमाण निसर्गचित्राचे होते. तिची आई निसर्ग नव्हती. निसर्गचित्रात माणूस असतो तो झाडासारखाच, दृश्याला तोल देण्यासाठी. 'मला वाटलं झाड हाय' या वाक्यात त्या बाईने दोनशे वर्षांच्या सौंदर्यशास्त्राची समीक्षा केली होती.

३

आता 'अनावश्यक ते वगळावे' हा नियम पाहू. यासाठी जगातल्या अतिप्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक घेतो. १९३६ मध्ये अमेरिकेत महामंदीच्या काळात डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईची काही छायाचित्रे काढली. सुरुवातीच्या चौकटी लांबून आहेत. त्यांत उघडा तंबू दिसतो, सामान दिसते, खुर्चीत बसलेली मोठी मुलगी दिसते. मग लँग एकेक पाऊल पुढे जाते. शेवटच्या चौकटीत आई, तिच्या मांडीवरचे तान्हे आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर पाठमोरी डोकी टेकलेली दोन मुले एवढेच उरते. मुलांची तोंडे दिसत नाहीत, म्हणून नजर थेट आईच्या चेहऱ्यावर जाते. आईचा हात हनुवटीपाशी आहे आणि ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी पाहते आहे. रचनेचा धडा म्हणून हे चित्र अजोड आहे, आणि नवशिक्याने ते तासभर पाहावे असेच मी सांगेन.

परंतु काय काय वगळले गेले तेही पाहावे. खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा येत होता. लँगला तो दोष वाटला आणि पुढे तिने तो निगेटिव्हवरच पुसून घेतला. अंगठा ही लहान गोष्ट झाली. त्या बाईचे नावही चित्रात आले नाही, कारण लँगने ते विचारलेच नव्हते. 'स्थलांतरित आई' या नावाने ते चित्र पुस्तकांत आणि संग्रहालयांत गेले आणि बाई चाळीसहून अधिक वर्षे निनावी राहिली. १९७८ मध्ये एका वार्ताहराने तिला शोधले, तेव्हा जगाला कळले की तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आणि ती चेरोकी या आदिवासी जमातीत जन्मलेली. या चित्राचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही, याबद्दल तिच्या मनात कडवटपणा होता.

लँग गरिबांच्या बाजूची होती. त्या चित्राने मंदीचे दुःख घराघरांत पोचवले, हेही खरे. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. सहानुभूती असूनही रचना माणसाला प्रतीक करून टाकू शकते. प्रतीकाला नाव लागत नाही. कचऱ्याची गाडी आणि दोन सहकारी बाया चौकटीबाहेर गेल्या तेव्हा एका कामगार बाईचे 'श्रम' नावाचे प्रतीक झाले आणि तीन बायांचे काम, त्यांची पाळी, त्यांचे एकमेकींशी बोलणे पुसले गेले.

४

आपल्या देशात तर कॅमेरा आला तोच आपल्याला वर्गवारीत बसवण्यासाठी. मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने शहरातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत माणसे स्टुडिओत उभी करून टिपली आणि त्यांच्यामागे दुसरीकडे काढलेली दृश्ये जोडली. माणूस एकीकडचा, जागा दुसरीकडची, आणि दोन्ही मिळून एक 'जात'. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांतही माणूस त्याच्या जमातीचा नमुना म्हणून आला.

याच सुमारास, १८६९ मध्ये, जे. एच. लॅम्प्रे या इंग्रजाने मानवी शरीरे मोजण्याची एक पद्धत सुचवली. लाकडी चौकटीवर रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन करायचे आणि त्यापुढे नग्न माणसाला उभे करून छायाचित्र काढायचे. पुढे अंदमानच्या आदिवासींची छायाचित्रेही अशाच चौकोनी पार्श्वभूमीवर काढली गेली. मोबाईलच्या पडद्यावर आज आपण ज्या उभ्या-आडव्या रेषा उमटवतो त्यांचा लॅम्प्रेच्या दोऱ्यांशी थेट संबंध नाही. दोन्हींचे हेतू वेगळे आहेत. परंतु आपल्या लोकांना जाळीपुढे उभे करण्याचा हा इतिहास ज्याला माहीत आहे, तो पडद्यावरच्या जाळीत माणूस बसवताना क्षणभर थांबेल. तेवढे थांबणे मला हवे आहे.

५

१९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. त्यांच्या साहित्याशी आपला परिचय झाला, त्यांच्या छायाचित्रांशी तितकासा झाला नाही. गॉर्डन पार्क्स हा काळा छायाचित्रकार गहाणवटीच्या दुकानातून पहिला कॅमेरा घेऊन स्वतःच शिकला. १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला, लँग जिच्यासाठी काम करत होती त्याच सरकारी छायाचित्रण विभागात, शिकाऊ म्हणून आला. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकरने त्याला आधी कॅमेरा ठेवून शहरात फिरून यायला सांगितले. उपाहारगृहात, दुकानात, चित्रपटगृहात सगळीकडे त्याला त्याच्या रंगामुळे अपमान सोसावा लागला. तो चिडून परतला. स्ट्रायकरने सुचवले की याच इमारतीत झाडलोट करणारी काळी बाई आहे, तिच्याशी बोल.

पार्क्सने एला वॉटसन हिला प्रथम तिच्या आयुष्याविषयी विचारले आणि मग छायाचित्र काढले. त्याची रचना पाहा. बाई सरळ उभी आहे, जवळजवळ मधोमध, कॅमेऱ्याकडे तोंड करून. एका बाजूला उभा झाडू, दुसऱ्या बाजूला पुसणे, मागे वरून खाली लोंबणारा अमेरिकेचा राष्ट्रध्वज. ध्वज थोडा धूसर आहे, बाई स्पष्ट आहे. उभ्या रेषांनी ती कोंडलेलीही वाटते आणि ताठही वाटते. ग्रँट वुडच्या १९३० मधील 'अमेरिकन गॉथिक' या चित्रात शेतकरी आणि त्याची मुलगी जसे समोर तोंड करून उभे आहेत, तीच मांडणी पार्क्सने उचलली आणि त्याच नावाने हे छायाचित्र ओळखले जाते. म्हणजे प्रस्थापितांची रचना त्याला पाठ होती, आणि तिच्यात कुणाला उभे करायचे हे त्याने ठरवले. पुढे तो एला वॉटसनच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, तिची नातवंडेही त्याने टिपली. एका चौकटीत तिचे आयुष्य मावत नाही हे त्याला कळले होते.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे टिपले. तमिळनाडूत एम. पळनी कुमार गटारात मरणाऱ्या कामगारांचा प्रश्न कॅमेऱ्याने मांडतात. मासळी विकणाऱ्या आपल्या आईचीही छायाचित्रे त्यांनी काढली, आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना ते हे शास्त्र शिकवतात. या कामाची समीक्षा मराठीत व्हायला हवी. 'विषय चांगला आहे' एवढे म्हणून तिथेच थांबणे म्हणजे आपल्याच कवितेवर झालेला जुना अन्याय आपणच पुन्हा करणे होय.

६

इथे एक मोह टाळला पाहिजे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला चौकटीच्या कडेला ठेवणारा नियम सवर्णांचा, म्हणून आपण माणूस नेहमी मध्येच ठेवावा, असा युक्तिवाद सभेत टाळी घेईल. पण छायाचित्र टाळीवर उभे राहत नाही. माणूस कडेला ठेवून उरलेल्या जागेत त्याचे घर, त्याचे हत्यार, त्याच्यावर डोळे वटारणारा वाडा दाखवता येतो. कडेचा माणूस तिथे लहान होत नाही. त्याला तिथे कुणी ढकलले आहे ते दिसते. उलट मधोमध ठेवलेला माणूस पासपोर्टच्या फोटोइतका निर्जीवही होऊ शकतो.

राजगृहातले १९३४ मधील बाबासाहेबांचे कुटुंबाचे छायाचित्र बहुतेकांच्या घरात आहे. डावीकडून यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, लक्ष्मीबाई, मुकुंद, आणि टॉबी हा कुत्रा. रचनाशास्त्राच्या पुस्तकाने याला साधा कौटुंबिक फोटो म्हणून बाजूला सारले असते. पण तो पुन्हा पाहा. कुणाच्या आड कुणी नाही, प्रत्येकाचा चेहरा मोकळा आहे. पाच माणसांच्या ओळीत मधली जागा आली आहे रमाबाईंना. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्या गेल्या. ही मांडणी कुणी विचारपूर्वक केली की सहज झाली, याने फारसा फरक पडत नाही. प्रत्येकाला सारखी जागा देणारी चौकट हीही एक रचना आहे आणि तिच्यात एक मूल्य आहे, हे आपण शिकणाऱ्याला सांगायला हवे.

७

मग नवशिक्याने शिकायचे काय? मी आता शिबिरात पुढील गोष्टी याच क्रमाने सांगतो.

पहिली उंची. बसलेल्या माणसाचे छायाचित्र उभ्याने काढले की त्याचे डोके मोठे, पाय आखूड दिसतात आणि नजर वर होते, मागणाऱ्यासारखी. गुडघा टेकवा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. एवढ्या एका हालचालीने चित्रातला संबंध बदलतो.

दुसरे अंतर. मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद असते. अगदी जवळून काढले की नाक फुगते, कान मागे जातात. दोन-तीन पावले मागे या. मात्र रस्त्यापलीकडून, माणसाला न कळता ओढून घेतलेला चेहरा ही चोरी आहे.

तिसरा प्रकाश. पांढऱ्या उन्हाळ भिंतीपुढे सावळा माणूस उभा केला की कॅमेरा भिंतीचा उजेड मोजतो आणि चेहरा काळा पडतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, उजेड वाढवा. भिंत पांढरीफटक झाली तर होऊ द्या. माणूस दिसणे महत्त्वाचे. सगळ्यांत सोपा आणि चांगला प्रकाश दाराच्या आतल्या सावलीत मिळतो.

चौथी पार्श्वभूमी. बटण दाबण्याआधी चारही कोपरे पाहा. डोक्यातून खांब उगवत असेल तर एक पाऊल सरका. हात मनगटात, पाय घोट्यात कापू नका. पण 'स्वच्छ' पार्श्वभूमीसाठी नाली, रांगेतल्या घागरी, शेजारची माणसे हाकलण्यापूर्वी विचारा की ती खरोखर अनावश्यक आहेत काय. मागचे सगळे धूसर करणारी सोय मोबाईलमध्ये आहे. तिने घर धूसर होते हे ध्यानात ठेवा.

पाचवी गोष्ट नाव. एक चौकट लांबून घ्या, एक जवळून, आणि माणसाची संमती असेल तर नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. अत्याचाराच्या घटनेत नाव गुप्त ठेवणे हेच संरक्षण असते, तिथे ते बाहेर जाऊ देऊ नका. अशा वेळी मूळ छायाचित्र न कापता, न बदलता जपा. कडेला आलेली एखादी गोष्ट उद्या पुरावा ठरते.

तीन भागांचा नियम मी या सगळ्यानंतर सांगतो.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात आईचे दुसरे छायाचित्र काढून मला दाखवले. कुठे उभे राहायचे ते आईने ठरवले होते: स्वतःच्या घराच्या दारात. अंगावर ठेवणीतले लुगडे. मुलीने झाडू हातात घ्यायला सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "घरी कशाला? पगार तिकडचा हाय." चेहरा स्वच्छ दिसत होता आणि ती सरळ आपल्याकडे पाहत होती.

छायाचित्रात तीन दोष होते. विजेचा खांब डोक्यातून वर गेला होता, डावा कोपर कापला गेला होता आणि दाराची चौकट कलली होती. तिला वाटले असावे की या वेळी मी नुसतेच कौतुक करीन. मी तिन्ही दोष सांगितले, कारण तिची आई बिनचूक छायाचित्राची हक्कदार होती. तिने ते पुन्हा काढले. ते आता त्यांच्या घरात लावलेले आहे. पहिल्या क्रमांकाचे मात्र अजून महाविद्यालयाच्या भिंतीवरच आहे, आणि त्याखाली माझा अभिप्राय.